बॅचमधली सहावी: एका नवख्या ताईंचे पहिले बारा आठवडे

"सर, मला सगळ्यात मागची जागा द्या." माझ्या व्यायामाच्या बॅचमध्ये आल्यावर ताईंचं हे पहिलं वाक्य होतं, आणि मी ती जागा देऊन टाकली. बारा आठवड्यांनी त्यांच्या व्यायामाच्या नोंदींचा कागद पुन्हा वाचताना वाटलं, पुढे जे बिघडलं त्याची सुरुवात तिथेच झाली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. छोट्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा व्यायामाला येणाऱ्याच्या वाट्याला नेमकं काय येतं, हे मी दर महिन्याला कुणाला ना कुणाला तोंडी सांगत असतो. एका माणसाचं काय झालं ते पूर्ण वाचलं तर ते जास्त नीट कळेल. लिहिण्याआधी ताईंना विचारलं आहे. त्यांचं नाव मुद्दामच दिलेलं नाही.

पहिली भेट

वय ४८. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. शाळा सुटल्यापासून व्यायाम म्हणून असं काही केलेलं नाही. मध्ये दोनदा मोठ्या जिममध्ये नाव घातलं होतं आणि दोन्ही वेळा तीन आठवड्यांच्या आत जाणं बंद पडलं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "कुठल्या मशीनवर काय करायचं तेच कळायचं नाही, आणि विचारायची लाज वाटायची." एकटीसाठी ट्रेनर लावावा, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. पण तासभर कुणीतरी फक्त आपल्याकडेच बघत बसणार, ही कल्पना त्यांना नकोशी वाटली. पाच-सहा जणांची बॅच त्यातल्या त्यात बरी वाटली म्हणून त्या आल्या. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त नवख्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने असंच असतं.

काय व्हायला हवं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. जिना चढून गेले की दोन मिनिटं मला कुणाशी बोलता येत नाही. ते यायला हवं." इतकं नेमकं उत्तर क्वचित मिळतं. कागदावर मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

व्यायाम सुरू करण्याआधी भरून घ्यायची पार-क्यू प्लस नावाची प्रश्नावली असते. तिच्या पहिल्या पानावर तब्येतीचे सात प्रश्न आहेत: हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब, छातीत दुखणं, चक्कर, चालू असलेली औषधं, सांध्यांचा त्रास वगैरे. ताईंना रक्तदाबाची गोळी चालू होती. डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत सुरुवात करणार नाही, असं मी सांगितलं. पाच दिवस गेले आणि त्या थोड्या हिरमुसल्या. तरीही नवख्या माणसाने हे पाच दिवस जाऊ द्यावेत असंच मी म्हणेन. काहीही न विचारता पहिल्याच दिवशी पळायला लावणाऱ्या बॅचमध्ये थांबू नये. रक्तदाब आटोक्यात असल्याची चिठ्ठी आली. त्यामुळे त्यांच्या कागदावर सर्वांत वर एकच सूचना गेली: श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना श्वास रोखून धरला की त्या क्षणापुरता रक्तदाब एकदम चढतो. नवखी माणसं तर हलकं वजन उचलतानाही नकळत श्वास रोखतात.

गुडघ्यातून कट-कट आवाज येतो ही त्यांची दुसरी काळजी. दुखत नव्हतं, सूज नव्हती, गुडघा अडकतही नव्हता. अशा नुसत्या आवाजाला सहसा घाबरण्याचं कारण नसतं, हे सांगूनही त्यांचा विश्वास बसला नाही. तो बसायला पुढे चार आठवडे लागले.

शेवटी एक साधी चाचणी घेतली. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पूर्ण उभं राहायचं, पुन्हा बसायचं, ३० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. चाचणी मुळात ज्येष्ठांसाठी बसवलेली आहे, पण खुर्चीपलीकडे काहीच लागत नसल्यामुळे मी ती सगळ्याच नवख्यांची घेतो. ताईंचा आकडा १३.

बॅच एक, कागद सहा

बॅचमध्ये आधीचे पाच जण होते. सर्वांत लहान २९ वर्षांचा, सर्वांत मोठे काका ६२ वर्षांचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, ५० मिनिटं. प्रत्येकाचा कागद वेगळा. हालचालींचे प्रकार सगळ्यांना तेच असतात: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, वजन हातात घेऊन चालणं. रूप मात्र ज्याचं त्याचं. एकाच वेळी एक जण १६ किलोची केटलबेल (कडी असलेलं गोल वजन) छातीशी धरून स्क्वॉट, म्हणजे बैठका, करतो आणि शेजारचा खुर्चीला नुसता टेकून उठतो.

एक हिशोब नवख्याने आधीच मांडलेला बरा. ५० मिनिटं आणि सहा माणसं, म्हणजे ट्रेनरच्या वेळातली माणशी जेमतेम आठ मिनिटं. वॉर्म-अप आणि शेवटचं स्ट्रेचिंग वजा केलं तर त्याहूनही कमी. छोटी बॅच म्हणजे ट्रेनरची नजर सतत आपल्यावर, असं धरून चालू नये. त्या थोड्या मिनिटांत ट्रेनर नेमकं काय बघतो आणि पुढच्या वेळी ते त्याच्या लक्षात राहतं का, यावर सगळं ठरतं. मोठ्या ग्रुप क्लासमध्ये एवढंही मिळत नाही.

पहिलं आणि दुसरं सत्र

पहिल्या सत्रात घाम कमी आणि शिकणं जास्त, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. कमरेतून वाकणं शिकवायला मी एक सरळ काठी वापरतो. काठी पाठीवर उभी धरायची. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन जागी ती टेकलेली राहिली पाहिजे. वाकताना यातली एक जरी जागा सुटली तरी माणसाला स्वतःलाच कळतं. मला सांगावं लागत नाही. ताई पहिल्यांदा वाकल्या तेव्हा खालची जागा लगेच सुटली, कारण त्या कमरेऐवजी पाठीतून वाकत होत्या. चौथ्या खेपेला मी म्हटलं, "मागचं दार पार्श्वभागाने ढकलून बंद करायचंय, हात रिकामे नाहीत असं समजा." पाचव्या खेपेला काठी तिन्ही ठिकाणी टेकून राहिली. त्यांनी आरशात पाहिलं आणि मान हलवली. त्या दिवशी मला एवढंच हवं होतं.

बाकी कागदावर होतं: खुर्चीपर्यंत स्क्वॉट, ८ चे २ सेट. भिंतीला हात टेकून जोर, ८ चे २ सेट. रेझिस्टन्स बँड ओढणं, १० चे २ सेट. गुडघे टेकून प्लँक (हातांवर भार घेऊन अंग ताठ धरणं), १५ सेकंद. पहिल्या दिवशी मिळून १६ स्क्वॉट झाले. बुधवारी तिसरा सेट वाढवला, २४ झाले. घरी जाताना त्या म्हणाल्या, "सर, एवढंच? मला वाटलं होतं जीव जाईल." हे वाक्य ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. झालो नाही.

तिसरं सत्र

शुक्रवारी आमच्याकडे सर्किट असतं. सहा स्टेशनं, ४० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती, तीन फेऱ्या. ताईंना एका स्टेशनवर स्क्वॉट आणि दुसऱ्यावर लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यांत वाकणं) आली. दोन्ही हलकीच दिली होती, वजन नव्हतं. पण आकडा दिला नव्हता. घड्याळ लावलं होतं.

त्या मागच्या कोपऱ्यात होत्या. त्यांच्या शेजारी होता २९ वर्षांचा मुलगा, बॅचमधला सगळ्यांत चपळ. मी समोरच्या बाजूला एकाची डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) सुधारत होतो आणि ताईंकडे माझी पाठ होती. मुलगा खाली गेला की ताई खाली, तो वर आला की ताई वर. दुसऱ्या फेरीत मी वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झालेला, पण फॉर्म बरा होता. "जमतंय ना?" असं मी विचारलं. पाच जणांसमोर कोण नाही म्हणेल? त्यांनी अंगठा दाखवला. पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न मी विचारायला हवा होता, कारण सलग बोलता येतंय का ते ऐकलं की श्रम किती चाललेत याचा बराचसा अंदाज येतो. अंगठ्यावरून काहीच कळत नाही.

संध्याकाळी हिशोब केला. ४० सेकंदांत साधारण १८ स्क्वॉट, तीन फेऱ्यांचे ५४. लंज फेरीला १५, म्हणजे ४५. दोन दिवसांपूर्वी २४ वेळा वाकलेल्या मांड्या आता ९९ वेळा वाकल्या होत्या. चौपट.

शनिवारी सकाळी अंग आंबलं. रविवारी तर त्यांना जिना उतरता येईना. कठड्याला धरून, बाजूला वळून, एकेक पायरी. कमोडवर बसताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. सोमवारी त्या आल्या नाहीत, बुधवारीही नाहीत. मी फोन केला तो बुधवारी रात्री. नवखा माणूस पहिल्यांदा गैरहजर राहिला की त्याच दिवशी फोन करायचा, हा नियम या प्रकरणानंतरच आमच्याकडे आला.

"सर, मला वाटतं हे माझ्यासाठी नाही," त्या म्हणाल्या.

मी आधी तीन गोष्टी विचारल्या. दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं आहे की एकाच जागी, सांध्यात? मांडी सुजून टणक झाली आहे का? लघवीचा रंग गडद तपकिरी झाला आहे का? तिसरा प्रश्न ऐकून त्या दचकल्या, पण तो विचारलाच पाहिजे. सवय नसताना बेसुमार व्यायाम झाला तर क्वचित स्नायू इतके मोडतात की त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडाला धोका होतो. त्यात लघवी तपकिरी होते, खूप अशक्तपणा येतो, आणि तेव्हा वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो. ताईंना यातलं काही नव्हतं. दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं होतं आणि ओसरत चाललं होतं.

बॅचमधल्या कुणीतरी त्यांना "लॅक्टिक ॲसिड साठलंय" असं कळवलं होतं. हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) तास-दीड तासात उतरतं; दोन दिवसांनी ठणकणाऱ्या मांडीचा त्याच्याशी संबंध नाही. स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, जसं लंजमध्ये खाली जाताना किंवा जिना उतरताना होतं, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. मग शरीर दुरुस्तीला लागतं आणि दुखतं. हे साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतं. दिलासा असा, की एकदा हे होऊन गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने अंग पूर्वीइतकं दुखत नाही. ताईंना मी हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. आकडा मी द्यायला हवा होता." पलीकडे काही क्षण शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे शुक्रवारी पुन्हा तेच करायचं?"

"नाही ताई. शुक्रवारी सोळा बैठका, आणि तुम्ही माझ्याजवळ."

काय बदललं

या प्रकरणातून मी जे शिकलो ते इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ग्रुपला एक ओढ असते. १९२०च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नौकानयन क्लबमधल्या खेळाडूंना वजन उचलायला लावून एक गोष्ट नोंदवली: जोडीत काम करताना आपल्यामुळे जोडी थांबेल असं असेल, तर दोघांतला कमजोर माणूस एकटा असतानापेक्षा जास्त तग धरतो. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असला की हे सर्वांत जास्त दिसतं. छोट्या बॅचचा मोठा फायदा म्हणून आम्ही ट्रेनर हीच ओढ लोकांना सांगतो, आणि ती खरी आहे. पण तिसऱ्या सत्रात ताईंना ९९ पर्यंत नेणारी ओढही तीच. नवख्याचं शरीर तयार व्हायच्या आधी ती कामाला लागते. म्हणून पहिले काही आठवडे ट्रेनरने तिला लगाम घालायचा असतो. मी सगळा भर बॅचच्या उत्साहावर टाकला होता.

पहिला बदल घड्याळात. सर्किट चालू असलं तरी ताईंना आकडाच मिळू लागला. आठ झाले की थांबायचं, बाकीचे करत असले तरी. हे ऐकायला सोपं आहे. पाच जण हलत असताना एकट्याने उभं राहणं फार अवघड जातं, पहिल्या दिवशी तर त्यांनी आठनंतर बाटली उघडून पाणी पिण्याचं निमित्त केलं. म्हणून मी बॅचलाच सांगितलं की यापुढे प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहिला जाईल आणि आकडा संपला की प्रत्येक जण थांबेल. मग थांबणारी एकटी व्यक्ती उरली नाही.

दुसरा बदल जागेत. मागचा कोपरा गेला. ताई पुढे आल्या, ६२ वर्षांच्या काकांच्या शेजारी. काका दीड वर्षापासून येतात आणि प्रत्येक स्क्वॉट इतका सावकाश करतात की शेजारच्यालाही घाई करता येत नाही. फरक मध्यम आणि वेग संथ. जोडी जमली.

तिसरा बदल प्रश्नात. "जमतंय ना?" हा प्रश्न मी बंद केला. त्याऐवजी, "आणखी किती झाल्या असत्या?" उत्तर तीन किंवा चार आलं तर ठीक. एक आलं तर पुढच्या सेटला कमी. आठ आलं तर पुढच्या वेळी वाढवायचं. जोडीला श्रमाची शून्य ते दहाची मोजपट्टी. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या कामातून अशा मोजपट्ट्या रूढ झाल्या. पहिल्या महिन्यात ताईंनी पाच-सहाच्या वर जायचं नाही असं ठरलं. सुरुवातीला त्या प्रत्येक गोष्टीला सात म्हणायच्या, अगदी वॉर्म-अपलाही. आपल्या शरीराला आकडा देणं हेसुद्धा शिकावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांचे आकडे माझ्या अंदाजाशी जुळू लागले.

आणि तीन आठवडे आठवड्यातून दोनच दिवस यायचं ठरलं. त्यांना वाटलं आपण मागे पडतोय. मी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांनी स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा असं आहे, तेवढं तर होतंच आहे. त्याच सूचनांतली आठवड्याची १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल नुसत्या बॅचने भरत नाही. दोन सत्रांची झाली १०० मिनिटं, त्यातलीही सगळी हालचालीची नसतात. उरलेली चालून भरायची. हे बरेच जण विसरतात.

चौथा ते नववा आठवडा

पाचव्या आठवड्यापर्यंत त्या ६ किलोची केटलबेल छातीशी धरून स्क्वॉट करू लागल्या. "माझ्या हाता-पायांत काहीच फरक दिसत नाही, मग ताकद आली कुठून?" हा त्यांचा प्रश्न मला फार आवडला. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मेंदू आणि नसांकडून येते. आहेत तेच स्नायू शरीर जास्त संख्येने आणि जास्त ताळमेळाने वापरायला शिकतं. स्नायूंचा आकार त्यामागून, सावकाश वाढतो. आरशात काही दिसत नाही म्हणून महिन्याभरात सोडून देणारी माणसं नेमकी या टप्प्यावर सोडतात. म्हणून ताईंना मी आरशाऐवजी स्वतःचा कागद वाचायला सांगायचो. गुडघ्याच्या आवाजाची काळजीही याच सुमारास मिटली. आवाज येतच होता, पण त्यांनी त्याबद्दल बोलणं सोडलं होतं.

सातव्या आठवड्यात एक अडचण आली, आणि तिचा व्यायामाशी काही संबंध नव्हता. बॅचमधली एक जण मनाने चांगली, पण दर दोन दिवसांनी विचारायची, "काय ताई, किती उतरलं वजन?" ताई हसून न्यायच्या. मग एका सोमवारी आल्या नाहीत. यावेळी मी त्याच दिवशी फोन केला आणि खरं कारण बाहेर आलं. सहा जणांच्या खोलीत कुठलीच गोष्ट गर्दीत हरवत नाही. प्रेमाचे दोन शब्द जसे पोचतात तसा टोचणारा शब्दही पोचतो. छोट्या बॅचमध्ये जाणाऱ्याने हेही गृहीत धरावं, आणि खुपलं तर ट्रेनरला सांगावं. मी दोघींपैकी कुणाचं नाव न घेता सगळ्यांना सांगितलं की इथे कुणाच्या शरीरावर आणि वजनावर बोलायचं नाही, बोलायचं तर उचललेल्या वजनावर बोला. पुढच्या सत्रात त्याच बाईंनी ताईंचा फळ्यावरचा आकडा मोठ्याने वाचून टाळी वाजवली. तेव्हापासून त्या दोघी वॉर्म-अप एकत्र करतात.

चुकलेल्या दिवसांची ताईंना फार खंत असायची. सवय कशी लागते यावरचा लंडनमधला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखादी कृती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) असल्याचं दिसलं, पण माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही असंही त्यात आढळलं. मी ते त्यांना सांगितलं. नवव्या आठवड्यानंतर त्यांनी गैरहजेरीबद्दल माफी मागणं थांबवलं, नुसतं "उद्या नाही, शुक्रवारी येते" असा निरोप येऊ लागला.

बारावा आठवडा

ठरलेल्या ३३ सत्रांपैकी त्या २७ ला आल्या. पहिल्या आठवड्यातली तीन, दुसऱ्यात एक, मग तीन आठवड्यांतली सहाच्या सहा, आणि पुढच्या सात आठवड्यांत २१ पैकी १७. खुर्चीच्या चाचणीत १३ चे १९ झाले. स्क्वॉट १२ किलोने, ८ चे ३ सेट, आणि "आणखी किती?" याचं उत्तर तीन. वजन काट्यावर ८०० ग्रॅम कमी, म्हणजे जवळजवळ जैसे थे. रक्तदाबाची गोळी आहे तशीच चालू आहे. तो विषय त्यांच्या डॉक्टरांचा, माझा नाही. बारा आठवड्यांत आठवड्याला दोन-तीनदा व्यायाम करून काट्यावर मोठा फरक पडेल, असं मी कुणालाच सांगत नाही.

जिन्याचं काय, ते मी विचारलं नव्हतं. एका बुधवारी त्यांचा फोन आला, सत्राची वेळ बदलेल का असं विचारत होत्या. मागे पावलांचे आवाज येत होते. बोलताबोलता म्हणाल्या, "थांबा सर, आले चौथ्या मजल्यावर, दार उघडते." वाक्य एका श्वासात पूर्ण झालं होतं.

जमलेलं नाही तेही कागदावर आहे. स्क्वॉटमध्ये खोल गेलं की डावी टाच अजून उचलली जाते, त्यामुळे टाचेखाली पातळ फळी आहे आणि घोट्यासाठी रोज दोन मिनिटांचा व्यायाम दिला आहे. जमिनीवरचा जोर अजून एकही होत नाही. भिंतीवरून टेबलाच्या उंचीवर आल्या, तिथून आता बाकावर हात टेकून सहा होतात. पुढच्या चार आठवड्यांत बाकाची उंची एकेक खाच खाली आणायची आहे, आठ नीट झाले तरच. आकडा फळ्यावर लिहिला आहे आणि सोमवारची जागा काकांच्या शेजारीच आहे.